वारसा म्हणजे सातबारा नव्हे!

पॉल क्ले हा चित्रकार कोणत्या देशाचा, असा प्रश्न चार ग्रंथांना विचारला तर चार उत्तरे मिळतात. एक म्हणतो स्विस, दुसरा म्हणतो जर्मन, तिसरा सावध गृहस्थासारखा ‘स्विस-जर्मन’ असा जोडशब्द पुढे करतो, आणि चौथा ‘स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला’ एवढेच सांगून मोकळा होतो. मोठ्या माणसाच्या पश्चात त्याच्या गोत्राची अशी चौकशी सुरू झाली की समजावे, आता वाटणीची वेळ आली. जिवंतपणी ज्याला कोणी ओसरीवर टेकू दिले नाही, त्याच्या तेराव्याला सारे भाऊबंद पंगतीला हजर!

कागदोपत्री हकीकत अशी आहे. क्लेचा जन्म १८ डिसेंबर १८७९ रोजी बर्न शहराजवळच्या म्युन्शेनबुख्से या गावी झाला. आई स्विस, वडील जर्मन, संगीताचे शिक्षक. नागरिकत्व बापाचे ते मुलाचे, असा तेव्हाचा कायदा. म्हणून बर्नच्या गल्ल्यांत वाढलेला, बर्नच्या शाळेत शिकलेला, बर्नच्या वाद्यवृंदात कोवळ्या वयात व्हायोलिन वाजवणारा हा मुलगा जन्मभर जर्मन राहिला. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, जर्मन सैन्याचा गणवेशही त्याला चढवावा लागला. पुढे १९२१ पासून दहा वर्षे त्याने बाउहाउस या नामांकित कलाशाळेत शिकवले आणि मग ड्युसेलडॉर्फच्या अकादमीत तो प्राध्यापक झाला. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला. क्लेच्या घराची झडती झाली, नोकरी गेली, आणि त्या वर्षाच्या अखेरीस तो बायकोसह बर्नला परतला. आपल्याच गावी परतला, पण परका म्हणून.

म्हणजे गंमत पाहा. ज्या देशाने त्याला कागद दिला होता त्याने त्याला हाकलले. आणि ज्या गावाने त्याला वाढवले त्याच्यापाशी द्यायला कागद नव्हता.

१९३७ साली नाझींनी म्युनिकला ‘अधःपतित कला’ या नावाचे कुप्रसिद्ध प्रदर्शन भरवले. लोकांनी येऊन हसावे, थुंकावे, यासाठी ते होते. त्यात क्लेची १७ चित्रे टांगली होती, आणि जर्मनीतल्या सार्वजनिक संग्रहांतून त्याच्या १०२ कृती उचलून नेण्यात आल्या. तोवर बर्नमध्ये क्ले असाध्य दुखण्याने ग्रासला होता. कातडी आणि आतली इंद्रिये आवळत नेणारा स्क्लेरोडर्मा हाच तो रोग असावा, असे वैद्यांनी पुढे अनुमान केले. अशा अवस्थेत एकट्या १९३९ या वर्षात त्याने १२५३ कृती केल्या! धडधाकट माणसाने वर्षाकाठी १२५३ पत्रे लिहून पाहावीत. मग या आकड्याचे वजन कळेल.

आणि त्याच १९३९ साली हा साठीला टेकलेला, जगभर नाव झालेला माणूस स्विस नागरिकत्वासाठी अर्ज करून बसला होता. आधी पाच वर्षे वास्तव्याची अट. मग पोलिसांचे प्रश्न, चौकशी, अहवाल. त्याच्या कलेविषयीची प्रतिकूल मतेसुद्धा त्या पोलिसी कागदांत शिरली. चोरीचा तपास करणाऱ्यांनी चित्रांची परीक्षा करावी, हा प्रकार केवळ आपल्याकडेच होतो असे मानून कोणी खंत करू नये. शेवटी अर्ज बर्न नगराच्या सभेपुढे यायचा तो जुलै १९४० च्या पहिल्या आठवड्यात. क्ले वारला २९ जून १९४० रोजी. आपल्याकडे यालाच ‘बैल गेला आणि झोपा केला’ असे म्हणतात.

आज त्याच बर्न शहरात क्लेच्या नावाचे भव्य केंद्र उभे आहे, आणि त्याच्या सुमारे चार हजार कृती तेथे सांभाळल्या जातात. तो आता निःसंशय ‘आमचा’ झाला आहे.

हे सारे मी सणासुदीच्या दिवशी का उगाळतो आहे? स्विस लोकांना हिणवण्यात मला रस नाही. त्यांच्यापासून शिकण्यासारखे काय आहे ते पुढे सांगणारच आहे. पण वारसा या शब्दाचा अर्थ आपण फार सोपा करून ठेवला आहे. वारसा म्हणजे सातबाऱ्याचा उतारा! नाव कुणाचे लागले ते पाहायचे. एकदा आपले नाव लागले की जमीन कसली नाही तरी चालते. कलावंताच्या बाबतीत हा हिशेब खोटा आहे. कलावंत जन्माने कुणाचा होत नाही, नागरिकत्वाने होत नाही, आणि चौकाला नाव दिल्याने तर मुळीच होत नाही. जे त्याचे काम एकत्र ठेवतात, डोळ्यांत तेल घालून जपतात आणि दुसऱ्यांसाठी खुले करतात, त्यांचाच तो. ‘आमचा’ या शब्दाचे भाडे रोज भरावे लागते.

माझ्या या म्हणण्याला तीन बाजूंनी विरोध होतो, आणि तिन्ही विरोधक सुशिक्षित असतात हे विशेष. त्यांचा एकेक करून समाचार घेऊ.

पहिले म्हणतात, “अहो, जे थोर असते ते काळच जपतो. तुमच्या-आमच्या धडपडीने काय व्हायचे?” हे वाक्य उच्चारायला सोपे आहे, आणि ते उच्चारल्यावर काहीच करावे लागत नाही, हा त्याचा आणखी एक गुण. पण काळाने आजवर कधी काही जपलेले नाही. काळ वाळवी पाठवतो, ओल पाठवतो, विमाने पाठवतो. जपतात ती माणसे.

क्लेने आपल्या मुलाला, फेलिक्सला, खेळायला म्हणून हातात घालून नाचवायच्या बाहुल्या करून दिल्या होत्या. १९१६ ते १९२५ या काळात सुमारे पन्नास केल्या. घरातली मोडतोड घ्यायची – काड्यापेट्या, चिंध्या, हाडे, विजेची बटणे – आणि त्यातून कधी भूत, कधी गावंढळ शेतकरी, तर कधी स्वतःचेच सोंग घडवायचे. मोठ्या कलावंताने पोरासाठी केलेल्या या खेळण्यांहून लोभस वारसा कोणता? पण १९४५ साली वुर्झबुर्ग शहरावर बाँब पडले, आणि फेलिक्सने तेथे नेलेल्या बाहुल्या जळून गेल्या. तीस उरल्या. काळाला त्या वीस बाहुल्यांची काही किंमत वाटली नाही.

आता उलट उदाहरण घ्या. ‘आंगेलुस नोवुस’, म्हणजे नवा देवदूत, नावाचे क्लेचे १९२० सालचे एक लहानसे कागदी चित्र आहे. वाल्टर बेंजामिन या ज्यू विचारवंताने ते १९२१ साली विकत घेतले आणि जिवापाड जपले. १९४० साली जर्मन फौजा पॅरिसवर चालून आल्या तेव्हा पळ काढण्यापूर्वी त्याने आपल्या कागदपत्रांबरोबर ते जॉर्ज बाताय या मित्राच्या हवाली केले. स्पेनच्या सरहद्दीवर बेंजामिनने सप्टेंबर १९४० मध्ये प्राण सोडला. चित्र मात्र मित्राकडून मित्राकडे असे करीत युद्धानंतर आडोर्नोकडे आणि मग जेरुसलेमला गेर्शोम शोलेम याच्याकडे पोचले. आणि त्याच्या पश्चात १९८७ साली तेथील इस्रायल संग्रहालयाला मिळाले. या साखळीतली एक कडी जरी ‘काळ बघून घेईल’ म्हणणारी निघाली असती, तर आज त्या देवदूताचे फक्त नाव राहिले असते.

खुद्द क्लेच्या घरी काय झाले तेही ऐका. त्याच्या मृत्यूनंतर त्याची बायको लिली चित्रांचा तो डोंगर सांभाळीत बर्नमध्ये राहिली. १९४६ साली दोस्त राष्ट्रे आणि स्वित्झर्लंड यांच्यात वॉशिंग्टनला करार झाला. जर्मनीत राहणाऱ्या जर्मनांची स्वित्झर्लंडमधली मालमत्ता मोडीत काढून पैसा वाटून घ्यावा, असा त्याचा आशय. लिली बर्नमध्ये होती तोवर ठीक होते. पण तिचा एकुलता एक मुलगा फेलिक्स हा जर्मन शिपाई. रशियनांच्या बंदिवासातून तो त्याच वर्षी सुटला होता आणि जर्मनीतच अडकला होता. म्हणजे लिलीने डोळे मिटताच नाझींनी हाकललेल्या चित्रकाराची चित्रे ‘जर्मन मालमत्ता’ म्हणून लिलावात जायची! दैव थट्टा करायला लागले की हातचे राखून करीत नाही.

अशा वेळी बर्नमधली चार माणसे उभी राहिली. हेर्मान रुप्फ हा फिती-गुंड्यांसारख्या शिवणसामानाचा व्यापारी, हान्स मायर-बेंटेली हा प्रकाशक, वेर्नर आलेनबाख हा वास्तुशिल्पी, आणि रोल्फ ब्युर्गी हा क्ले कुटुंबाच्या विश्वासातला माणूस. यांनी २० सप्टेंबर १९४६ रोजी सारा संग्रह खरेदी करून ‘क्ले मंडळ’ स्थापन केले. २२ सप्टेंबरला लिली वारली. दोन दिवस! दोन दिवसांचा उशीर झाला असता तर क्लेचा संग्रह फुटला असता. पुढच्याच वर्षी, १९४७ मध्ये, मंडळाने पॉल क्ले प्रतिष्ठान स्थापले, आणि तो ठेवा बर्नच्या कलासंग्रहालयात सुखरूप राहिला.

येथे कोणी चतुर वाचक मला अडवील, आणि त्याने अडवावेच. तो विचारील, “आणि त्या मुलाचे काय? बाप गेला, आई गेली, स्वतः कैदेतून सुटून आला, आणि पाहतो तो बापाची चित्रे चार परक्यांनी घेतलेली! याला जपणे म्हणायचे की बळकावणे?” प्रश्न बिनतोड आहे. फेलिक्स १९४८ साली बर्नला आला आणि त्याने आपला हक्क मागितला. वाद कोर्टकचेरीपर्यंत गेला, आणि १९५२ च्या अखेरीस तडजोड होऊन संग्रहाचा काही भाग त्याला मिळाला, बाकीचा प्रतिष्ठानाकडे राहिला. त्या चार जणांना मी देवमाणसे म्हणत नाही; मंडळाने मधल्या काळात काही चित्रे विकलीही. पण त्या सप्टेंबरात त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या. कायद्याकडे बोट दाखवून स्वस्थ बसणे ही एक, आणि अर्धवट न्यायाचा दोष पत्करून संग्रह वाचवणे ही दुसरी. त्यांनी दुसरी धरली. म्हणूनच तर फेलिक्सला पुढे भांडायला चित्रे शिल्लक राहिली! संग्रह मोडीत निघाला असता तर त्याने कोणाशी आणि कशासाठी भांडायचे होते? ते केले हे योग्यच केले, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि मुलाचा वाटा त्याला द्यावा लागला, हेही तितकेच योग्य झाले.

दुसऱ्या विरोधकांचे म्हणणे अधिक मोहक असते. ते म्हणतात, “चित्रे एका ठिकाणी कोंडून कशाला ठेवायची? जगभर पांगू द्या. सुगंध काय कुपीत ठेवायचा असतो?” सुगंधाचे मला ठाऊक नाही, पण पोथीची पाने वाऱ्यावर सोडली की तिचा प्रसार होत नाही, ती फाटते.

आणि क्लेचे काम ही तर पोथीच आहे, तीही त्याने स्वतः पाने घालून ठेवलेली. १९११ च्या फेब्रुवारीत त्याने एक वही घातली आणि आपल्या प्रत्येक कृतीची तीत नोंद करायला सुरुवात केली. साल, अनुक्रमांक, नाव, माध्यम. मागे जाऊन जुन्या कामांच्याही नोंदी केल्या. बालपणी काढलेल्या काही चित्रांनासुद्धा मान देऊन त्या वहीत बसवले. पुढे मरेपर्यंत हा नेम सुटला नाही. त्याच्या कृती भरतात साडेनऊ हजारांच्या वर. शिवाय काही निवडक चित्रांवर तो ‘खास वर्ग’ अशी खूण करी. ती सहसा विकायची नाहीत, आपल्यापाशीच ठेवायची. म्हणजे क्लेच्या वारशाचा पहिला रखवालदार क्ले स्वतःच होता. आपला धांदरट, विस्कटलेल्या केसांचा, हिशेब न ठेवणारा कलावंत नाटक-सिनेमात शोभतो. हा गृहस्थ मात्र वाण्यासारखी खतावणी लिहीत होता आणि तरीही स्वप्ने रंगवीत होता.

हे एकत्र का पाहिले पाहिजे? कारण क्ले एका चित्रात आपले सगळे सांगून टाकणारा चित्रकार नाही. एक रेघ आज निघते, उद्या वळते, परवा तिचे अक्षर होते, दहा वर्षांनी तिची बोट होते. १९१४ साली तो ट्युनिसियाला गेला तेव्हाचे रंगीत चौकोन, मधल्या काळातली सुरांसारखी एकावर एक रचलेली चित्रे, आणि दुखण्यातल्या अखेरच्या वर्षांच्या त्या जाड, काळ्या, आक्रोश करणाऱ्या रेषा – हे ओळीने पाहिले तर एक माणूस दिसतो. एकेकटे पाहिले तर एकेक शोभेची वस्तू दिसते. आणि पांगायचे ते पांगलेच आहे. निम्म्याहून अधिक क्ले आजही बर्नच्या बाहेर, जगभरच्या संग्रहांत आणि घरांत आहे. मी म्हणतो ते इतकेच की, घराच्या चार भिंती तरी उभ्या राहू द्या.

पांगण्याची दुसरीही एक बाजू आहे. क्लेचे ‘दलदलीची दंतकथा’ या अर्थाच्या नावाचे १९१९ सालचे एक चित्र सोफी लिसित्स्की-क्युपर्स या स्त्रीच्या मालकीचे होते. तिने ते हानोव्हरच्या संग्रहालयात ठेवायला दिले. नाझींनी तेथून ते उचलले आणि म्युनिकच्या त्या बदनाम प्रदर्शनात टांगले. ती बिचारी सोव्हिएत रशियात गेली, सायबेरियात हद्दपार झाली आणि १९७८ साली तिकडेच वारली. चित्र मात्र हातोहात फिरत १९८२ साली म्युनिकच्याच एका संग्रहालयाने विकत घेतले. तिच्या वारसांनी वर्षानुवर्षे दाद मागितली, तेव्हा कुठे २०१७ साली समेट झाला. चित्र म्युनिकमध्येच राहिले, पण ते कुणाचे होते आणि कसे गेले हे मान्य करावे लागले. चित्राच्या मागच्या बाजूलाही इतिहास असतो, आणि तो पुसून समोरची बाजू मिरवणे याला वारसा जपणे म्हणत नाहीत. त्याला चोरीचा माल पचवणे म्हणतात.

तिसरे विरोधक नाक मुरडून बोलतात. “संग्रहालये, केंद्रे, मुलांच्या कार्यशाळा! कलेचा हा बाजार मांडलाय नुसता.” यांतलेच काही जण क्लेचे चित्र पाहून “हे तर आमचा बंड्यासुद्धा काढील!” असेही म्हणतात. दोन्ही वाक्ये एकाच तोंडातून निघताना मी ऐकली आहेत, म्हणून दोन्हींना एकदमच उत्तर देतो.

बर्नचे केंद्र कसे झाले ते पाहा. फेलिक्स १९९० साली वारला. १९९७ साली त्याची पत्नी लिव्हिया क्ले-मायर हिने आपल्याकडची चित्रे बर्नला देऊ केली. पण भाबडेपणाने नव्हे, ठराविक मुदतीत संग्रहालय उभे राहिले पाहिजे अशा अटीवर. पाठोपाठ फेलिक्सचा मुलगा अलेक्झांडर याने आपला ठेवा कायम मुक्कामासाठी दिला. आणि १९९८ साली मोरिस म्युलर या शस्त्रवैद्याने, पत्नी मार्थासह, जमीन आणि तीन कोटी फ्रँक देऊ केले. हा म्युलर मोडलेली हाडे धातूच्या पट्ट्या-स्क्रूंनी सांधण्याच्या आणि खुब्याचा सांधा बदलण्याच्या शास्त्रातला मोठा माणूस. जन्मभर त्याने हाडे सांधली, आणि म्हातारपणी एक मोडलेले घराणे सांधले. १९४६ साली जी दुफळी झाली होती, मंडळाचा वाटा आणि मुलाचा वाटा, ती पन्नास वर्षांनी एका छपराखाली आली. रेंझो पियानो या इटालियन वास्तुशिल्पीने पोलाद आणि काच यांच्या तीन लाटा जमिनीतून उठाव्यात तशी इमारत रचली, आणि २००५ च्या जून महिन्यात तिची दारे उघडली. ज्या शोसहाल्डे दफनभूमीत क्लेच्या अस्थी आहेत ती तेथून जवळच आहे.

आता त्या ‘बाजारा’त काय चालते? चित्रे मंद उजेडात ठेवतात, कारण त्यांतली बहुतेक कागदावरची. जलरंग आणि कागद यांना प्रकाश खातो. चार हजारांतली थोडीथोडकी बाहेर काढायची, काही दिवस दाखवायची, आणि पुन्हा अंधारात विसाव्याला पाठवायची. म्हणजे तेथे गेलेल्या माणसाला सगळे कधीच एकदम दिसत नाही. बाजार मांडणाऱ्याला हे परवडेल का? दुकानदार कधी माल अंधारात ठेवतो का? बाउहाउसमध्ये शिकवताना क्लेने लिहिलेली सुमारे ३९०० पाने त्या केंद्रात आहेत, आणि ती संगणकावर कोणालाही फुकट पाहता येतात. आमच्या गावचा मुलगाही आज रात्री ती उघडू शकतो. याला मी प्रसार म्हणतो. कपांवर आणि पिशव्यांवर चित्रे छापणे म्हणजे प्रसार नव्हे, एवढे मात्र विरोधकांचे मला मान्य आहे.

आणि त्याच इमारतीत मुलांसाठी वेगळी कार्यशाळा आहे. पोरे हात रंगवून घेतात. बंड्याची गोष्ट येथे लागू होते. बंड्या क्लेसारखे काढील, हे खरे आहे, वयाच्या सहाव्या वर्षी! विसाव्या वर्षी त्याला ते येणार नाही, कारण तोवर आपण त्याला आंबा आंब्यासारखाच काढायला शिकवलेले असेल. क्लेने आपली बालपणची चित्रे अडगळीतून शोधून काढली, आणि सहाव्या वर्षाची ती नजर साठाव्या वर्षापर्यंत घासूनपुसून लखलखीत ठेवली. तो पोरखेळ नव्हता; हरवलेली वस्तू परत मिळवण्याची तपश्चर्या होती. अंगणात ठिपके मांडून ते कसे जोडावेत याचा विचार करीत क्षणभर थांबलेल्या मुलीला क्ले समजावून सांगावा लागणार नाही. तिच्या काकांना लागेल.

आपला आणि या माणसाचा संबंध काय, असे विचाराल तर तो संबंध जुना आहे. डिसेंबर १९२२ मध्ये कलकत्त्याला बाउहाउसच्या चित्रकारांचे प्रदर्शन भरले, त्यात क्लेची चित्रे होती. म्युनिकमध्ये हसण्यासाठी टांगली गेली त्याच्या पंधरा वर्षे आधी ती आपल्या देशात आदराने टांगली गेली होती! आणि पुढे आपल्या मुंबईत जे. जे. स्कूलमधून १९४८ साली बाहेर पडलेले वासुदेव गायतोंडे क्लेकडे ओढले गेले. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभीच्या त्यांच्या चित्रांत ती ओढ स्पष्ट दिसते. त्या काळी मुंबईच्या तरुण चित्रकाराला क्ले भेटे तो बहुधा ग्रंथांतल्या छापील पानांतून. ते बीज घेऊन गायतोंडे आपल्या वाटेने इतके दूर गेले की २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले. बर्नच्या फितीवाल्या व्यापाऱ्याने आणि त्याच्यासारख्यांनी जे जपले, त्याची फळे अशी कुठे कुठे लागतात. क्ले गायतोंड्यांचा होता की नाही? कोणत्या देशाच्या सातबाऱ्यावर ही नोंद आहे?

आपण मात्र चित्रकार गेला की शोकसभा घेतो, ‘पोकळी’ निर्माण झाल्याचे जाहीर करतो, आणि मग त्या पोकळीत त्याची चित्रे ओल खात पडू देतो. पुतळ्याचा ठराव करायला तासभर पुरतो. चित्रांची यादी करायला महिने लागतात आणि यादी करणाराचे नाव कोनशिलेवर येत नाही. म्हणून याद्या होत नाहीत. आणि वीस वर्षांनी परदेशातल्या लिलावात एखाद्या चित्राला कोटींचा भाव आला की ‘आमचा चित्रकार’ म्हणून छाती फुगवायला आपण मोकळे! आयत्या बिळावर नागोबा व्हायला कष्ट पडत नाहीत.

सरकारने करावे, संस्थांनी करावे, धनिकांनी करावे, हे सगळे खरे. त्यांच्या दारात ओरडणे मी सोडणार नाही. पण क्लेच्या कथेत सरकारचा पराक्रम आपण पाहिलाच. त्या कथेत कामाला आली ती एक वही, एक विधवा, चार मित्र, एक हट्टी मुलगा, एक विचारी सून आणि एक म्हातारा डॉक्टर.

अशी माणसे आपल्या घरोघर आहेत. या दिवाळीला घरोघर माळे उपसले गेले असतील. कुणाच्या माळ्यावर आजोबांच्या ड्रॉइंग-मास्तरकीतले कागद असतील, कुणाकडे आत्याने काढलेल्या रांगोळ्यांच्या वह्या, कुणाकडे गावच्या मूर्तिकाराने दिलेली कच्ची रेखाटने. दर वर्षी यातले किती तरी रद्दीवाल्याच्या तराजूत जाते, आणि तो बिचारा प्रामाणिकपणे किलोचा भाव देतो. यंदा त्याला थोडे थांबवा. प्रत्येक कागदाच्या मागे पेन्सिलीने लिहा : कुणी काढले, कधी, कुठे. एक वही घाला, अनुक्रमांक टाका, उन्हापासून आणि ओलीपासून दूर ठेवा, आणि घरातल्या लहान मुलांना एकदा बसवून दाखवा. यांतून एखादा क्ले निघेल असे वचन मी देत नाही. पण निघायचाच असेल तर तो याच वहीतून निघेल. कोणत्याही उताऱ्यावरून निघणार नाही.